सुनेला एचआयव्ही, बाळाला अंगावर पाजावं का?

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. तपासणीत एचआयव्ही निघाला. बाळाला आईचं दूध द्यायचं की वरचं? सिझेरियन करावंच लागेल का?

उत्तर : आधी गोळी. एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रातून) मिळणारी एकत्रित गोळी आजच सुरू करा. ती रोज ठरल्या वेळी आणि आयुष्यभर घ्यायची असते, बाळंतपणानंतरही. काहीच उपचार न घेतल्यास शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो, नीट उपचारांनी हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. ३२ ते ३६ आठवड्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासून घ्या. केवळ एचआयव्हीसाठी सिझेरियन लागत नाही.

गोळ्या नियमित असतील तर आईनं जरूर पाजावं, पण पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच. मध, बाळगुटी, पाणी, गाईचं दूध, काही नाही. घरोघरी चूक इथेच होते. वरच्या पदार्थांनी आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा होते आणि दुधातल्या विषाणूला वाट मिळते. म्हणून ‘थोडं अंगावरचं, थोडं वरचं’ हा मार्ग सर्वांत धोक्याचा. स्तनाग्राला चीर पडली किंवा गळू झालं, तर त्या बाजूचं पाजणं थांबवून लगेच दाखवा.

बाळाला जन्मताच संसर्ग टाळण्यासाठी नेव्हिरापिनचं औषध सुरू होतं, साधारण सहा आठवडे. आईचा उपचार उशिरा सुरू झाला असेल तर डॉक्टर मुदत वाढवतात, दुसरं औषधही जोडतात. सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्त घेऊन पहिली तपासणी होते, शेवटची अठराव्या महिन्यात. मधली एकही चुकवू नका.