नवी गाडी, मुंबईचा रस्ता

लायसन्स मिळालं, अभिनंदन! आता खरी शिकवणी सुरू. पहिले काही आठवडे रविवारी सकाळी सहाला गाडी काढ. सोमवारी संध्याकाळी पूर्व द्रुतगती महामार्गावर इतक्यात नको.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पुढच्याच्या बंपरला चिकटणं. अंतर ठेवलं की रिक्षा घुसते, हे खरंय. घुसू दे. त्याहून वाईट म्हणजे डावा आरसा विसरणं. आपण डावीकडे वळतो आणि नेमका तिथूनच बाइकवाला येतो. लालबागला मी असाच एकाच्या हँडलला घासलो होतो. तो पडला नाही. मीच दहा मिनिटं थरथरत बसलो. तेव्हापासून आधी आरसा, मग मान वळवून एक नजर. बेस्टची बस थांब्यावर उभी असेल तर तिच्या पुढून माणूस येणारच, असं धरून चाल. जूनच्या पहिल्या सरीत तर रस्त्यावरचं तेल वर येतं, ब्रेक दाबला तरी गाडी घसरते.

ठोकलीच तर:

- हॅझर्ड लाइट लाव, इंजिन बंद कर.
- कुणाला लागलं असेल तर 108, पोलिसांसाठी 112. पळू नकोस, जखमीला उपचार मिळवून देणं कायद्यानेच तुझं काम आहे.
- गाड्या हलवण्याआधी फोटो काढ. नंबरप्लेट दिसू दे.
- विमा कंपनीला लगेच कळव, गॅरेज नंतर.

गर्दी जमेल, आवाज चढतील. तू चढवू नकोस. घाबरून रस्त्यातच काही लिहूनही देऊ नकोस.

डॅशकॅम कुठला घ्यायचा ते महिनाभराने विचार.