कार्यरत स्मृतीच्या प्रारूपाचे मूल्यमापन लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काळजीपूर्वक वाचला. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 साली मांडलेल्या कार्यरत स्मृतीच्या, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती काही क्षण धरून ठेवणाऱ्या आणि हाताळणाऱ्या स्मृतीच्या, प्रारूपाची ओळख तू नेमकी करून दिली आहेस आणि आकृतीही बिनचूक आहे. अडचण आहे ती मूल्यमापनाच्या भागाची. तिथे तू डावीकडे गुण आणि उजवीकडे दोष असा तक्ता आखून दोन्ही रकान्यांत पाच-पाच मुद्दे बसवले आहेस. परीक्षेत अशा तक्त्याला गुण मिळतात हे मी जाणतो, पण त्यातून लिहिणाऱ्याला दहा मुद्दे पाठ आहेत यापलीकडे काही कळत नाही. कोणत्या निष्कर्षाने प्रारूपाचा कोणता भाग अडचणीत येऊ शकला असता, आणि प्रत्यक्षात तो आला का, हे प्रत्येक मुद्द्याला विचारायला हवे.

दुहेरी कामाच्या प्रयोगापासूनच सुरुवात करू. सहभागी व्यक्तीला 'ए हे अक्षर बीच्या आधी येते' असे विधान आणि त्यापुढे 'बी ए' अशी जोडी दाखवायची, विधान खरे की खोटे ते तिने सांगायचे, आणि हे चालू असताना दिलेले अंक मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणत राहायचे. अंकांची संख्या आठपर्यंत वाढवली तेव्हा उत्तर देण्याचा वेळ सुमारे दीडपट झाला, पण चुकांचे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपासच राहिले. तू याखाली 'प्रारूप सिद्ध झाले' असे लिहिले आहेस. ते वाक्य खोड. ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांच्या 1968 च्या मांडणीप्रमाणे अल्पकालीन स्मृतीचा एकच कप्पा असता आणि विचार करण्याचे कामही त्याच कप्प्यात चालत असते, तर आठ अंकांनी तो भरल्यावर तर्क कोलमडायला हवा होता. तो मंदावला, पण कोलमडला नाही. म्हणजे या प्रयोगाने एकाच कप्प्याची कल्पना डळमळीत केली. त्या जागी नेमके तीनच घटक असावेत, आणि तेही याच नावांचे (लक्षावर ताबा ठेवणारा सेंट्रल एक्झिक्युटिव्ह, ध्वनी धरून ठेवणारा फोनॉलॉजिकल लूप आणि दृश्ये धरून ठेवणारा स्केचपॅड), हे मात्र या आकड्यांतून निघत नाही.

के. एफ. या रुग्णाबाबतही हाच काटेकोरपणा हवा. मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला इजा झालेल्या या माणसाला ऐकलेले एक-दोन अंकच धरून ठेवता येत, तरी नव्या गोष्टी शिकून दीर्घकाळ लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता शाबूत होती, असे शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी दाखवले. दोषांच्या रकान्यात तू 'हा एकाच रुग्णाचा अभ्यास आहे' असे लिहिले आहेस. हा आक्षेप आळशी आहे. अल्पकालीन कप्प्यातून गेल्याशिवाय दीर्घकालीन स्मृतीत काहीच पोहोचत नाही, असा सरसकट दावा कोणी केला, तर तो खोटा ठरवायला एक माणूस पुरतो. खरी मर्यादा निराळी आहे. के. एफ.चे निष्कर्ष 1970 पर्यंत प्रसिद्ध झाले होते, म्हणजे प्रारूप मांडणाऱ्यांना ते आधीच ठाऊक होते. आधी माहीत असलेली गोष्ट उलगडून दाखवणे हे काम चांगलेच, पण त्यात मांडणीने कसलीही जोखीम पत्करलेली नसते.

जोखीम पत्करली ती फोनॉलॉजिकल लूपने, आणि म्हणून तुझ्या निबंधाचा गाभा तिथे असायला हवा. या लूपचे दोन भाग कल्पिले आहेत: ध्वनींचा ठसा काही क्षण टिकवणारा साठा, आणि तो ठसा पुसण्यापूर्वी मनातल्या मनात उजळवणारी उजळणी. ऐकलेला शब्द साठ्यात थेट शिरतो. वाचलेल्या शब्दाला मात्र आधी मनात उच्चारावे लागते. आता यातून काय निघते ते पाहा. सहभागी व्यक्तीला सतत 'द, द, द' असे पुटपुटायला लावून उजळणीची वाट बंद केली, तर सारख्या आवाजाच्या शब्दांमुळे होणारा गोंधळ वाचलेल्या यादीत नाहीसा व्हायला हवा, पण ऐकलेल्या यादीत तसाच राहायला हवा. प्रयोगांत तसेच दिसले. हे फसू शकत होते आणि फसले नाही, म्हणून त्याचे वजन तुझ्या तक्त्यातल्या कोणत्याही 'गुणा'पेक्षा जास्त आहे.

शब्दांच्या लांबीचा परिणामही इथलाच. बॅडली, थॉमसन आणि ब्युकॅनन यांनी 1975 मध्ये असे मांडले की माणूस साधारण 2 सेकंदांत जितके शब्द उच्चारू शकतो तितकेच त्याच्या लक्षात राहतात. मग 1980 मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांची चाचणी घेतली: वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो, म्हणून वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहतात, आणि उजळणी अडवली की हा फरक उरत नाही. इथपर्यंत सगळे लूपच्या बाजूने आहे, पण तू इथेच थांबली आहेस. 2000 मध्ये लोव्हॅट, एव्हन्स आणि मास्टरसन यांनी अक्षरसंख्या सारखी पण उच्चाराचा वेळ वेगळा असलेले इतर शब्द वापरले, तेव्हा वेळेचा परिणाम दिसेना. 2011 मध्ये जालबर्ट आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नियंत्रणात ठेवली: स्पेलिंगने जवळचे असे किती इतर शब्द त्या भाषेत आहेत. ती सारखी केल्यावर लांब आणि आखूड शब्दांतला फरकच उरला नाही. ज्या निष्कर्षावर '2 सेकंदां'चा सगळा डोलारा उभा होता त्यालाच हा धक्का आहे. माझ्या मते लूप यातून वाचतो, कारण आवाजातल्या सारखेपणाचा पुरावा स्वतंत्रपणे उभा आहे, पण काळाच्या ओघात ठसा पुसतो हे गृहीतक पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही.

मराठी आणि इंग्रजी अंकांची अशीच तुलना करून पाहण्याची तुझी कल्पना मला आवडली, पण तीत एक खाच आहे. मराठी घरात वाढलेली कितीतरी माणसे मोबाइल नंबर सांगताना सर्रास 'नाइन एट टू' असेच म्हणतात. त्यामुळे इंग्रजीत जास्त अंक लक्षात राहिले, तर श्रेय उच्चाराच्या वेगाला द्यायचे की रोजच्या सवयीला, हे ठरवता येणार नाही. प्रत्येकाचा दोन्ही भाषांतला उच्चाराचा वेळ स्वतंत्र मोजणे आणि उजळणी अडवलेली दुसरी फेरी घेणे, या दोन गोष्टींशिवाय तो प्रयोग करू नकोस.

सेंट्रल एक्झिक्युटिव्हबद्दल तू 'फारसे स्पष्ट नाही' असे तीन शब्द लिहिले आहेस, आणि खरी कमजोरी तिथेच आहे. लक्ष कुठे द्यायचे ते ठरवणे, काम बदलणे, उतावळे उत्तर दाबणे ही सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकली, की कोणताही निष्कर्ष त्याच्या नावे खपवता येतो. डोक्यात बसून निर्णय घेणारा एक छोटा माणूस कल्पिल्यासारखे ते होते. मग त्या माणसाच्या डोक्यात कोण, हा प्रश्न उरतोच. एस्लिंगर आणि दामासिओ यांनी 1985 मध्ये वर्णन केलेला रुग्ण ई. व्ही. आर. इथे उपयोगी पडेल: मेंदूतली गाठ काढल्यानंतरही बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत तो उत्तम होता, पण कुठे जेवायला जायचे यासारख्या साध्या निर्णयात तासन्‌तास अडकत असे. एक्झिक्युटिव्ह एकसंध असता, तर ही फारकत समजावणे कठीण जाते. बॅडली यांनी 1986 मध्ये नॉर्मन आणि शॅलिस यांची लक्ष-नियंत्रणाची मांडणी उसनी घेतली आणि पुढे एक्झिक्युटिव्हची कामे वेगवेगळी तपासायला सुरुवात केली, हेही लिही. नाहीतर टीका एकांगी होईल.

2000 साली जोडलेल्या एपिसोडिक बफरला, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र गुंफून काही क्षण धरून ठेवणाऱ्या चौथ्या घटकाला, तू 'सुधारणा' म्हटले आहेस, तर काही जण त्याला ठिगळ म्हणतात. सुटे शब्द पाच-सहाच आठवतात, पण तेच अर्थपूर्ण वाक्यात गुंफले की पंधरा-सोळापर्यंत आठवतात, ही अडचण जुन्या तीन घटकांनी सुटत नव्हती, म्हणून तो आला. ठिगळ की सुधारणा हे ओळखायला त्यानंतर काय झाले ते पाहा. रंग आणि आकार यांची सांगड घालायला एक्झिक्युटिव्हची जास्त शक्ती लागेल अशी अपेक्षा होती. ॲलन, बॅडली आणि हिच यांच्या 2006 च्या प्रयोगांत ती खोटी ठरली आणि त्यांनी बफरची कल्पना बदलली. चूक ठरू शकणारी भर घातली गेली, म्हणून मी तिला ठिगळ म्हणणार नाही.

स्केचपॅडला अर्धे पान पुरे. दृश्य आणि अवकाशीय असे त्याचे भाग लोगी यांनी वेगळे केले, एवढे आले की झाले. एका वेळी साधारण चारच गोष्टी लक्षात धरता येतात, ही कोवन यांची पर्यायी मांडणी मात्र शेवटच्या परिच्छेदात कोंबू नकोस, लूपच्या चर्चेतच आण, कारण वेगळ्या साठ्यांची गरज आहे का, हा वाद तिथेच खरा भिडतो.

पुढचा मसुदा तक्त्याशिवाय पाठव. अंकांच्या प्रयोगाचा आराखडा वेगळ्या कागदावर असू दे, आणि उच्चाराचा वेळ कसा मोजणार हे मला दाखवल्याशिवाय कोणालाही प्रयोगाला बसवू नकोस.

कळावे.