कार्डाचे फोटो दुकानदाराच्या मोबाईलमध्ये, आता काय?

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून लग्नासाठी 18,400 रुपयांची साडी घेतली. क्रेडिट कार्ड पुढे केलं, तर काउंटरवरच्या मुलाने आधी मोबाईल नंबर मागितला. ‘नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही, जीएसटीचा नियम आहे,’ म्हणाला. मागे रांग होती, म्हणून नंबर दिला. पिन टाकून पैसे गेल्यावर त्याने कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढले. विचारलं तर ‘मोठ्या रकमेला मालकांना पाठवावे लागतात’ हे उत्तर. गेल्या शनिवारची ही गोष्ट. तेव्हापासून दुकानाच्या ऑफरचे मेसेज येतात आणि कर्ज देणाऱ्यांचे फोनही सुरू झालेत. गोपनीयता मूलभूत हक्क आहे ना? मग दुकानावर केस करता येईल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नंबर मागणं हा त्रास आहे, कार्डाचे फोटो हा धोका आहे. त्यामुळे केसचं नंतर बघू, आधी कार्ड.

पुढच्या बाजूला सोळा आकडी क्रमांक आणि मुदत, मागच्या बाजूला सीव्हीव्ही हा तीन आकडी गुप्त क्रमांक. ऑनलाइन खरेदीला एवढंच लागतं. भारतीय संकेतस्थळं ओटीपी मागतात, पण परदेशातली अनेक मागत नाहीत, आणि गैरवापर बहुधा तिथेच होतो. आज बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार बंद करा. ही बटणं ग्राहकाच्या हातात देण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्येच बँकांवर घातलं आहे. मग हेल्पलाइनवर कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा. नव्या कार्डाचा क्रमांक वेगळा असेल ना, हे तिथेच विचारून घ्या. जुन्याच क्रमांकाचं कार्ड पुन्हा छापून आलं तर उपयोग शून्य. तक्रार क्रमांक घ्या आणि फोटोंचा प्रकार ईमेलनेही कळवा.

ईमेल कशाला, तर पुढे वाद झालाच तर जबाबदारी कोणाची हे त्यावर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा फसवणुकीत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. बँक मात्र ‘फोटो काढू दिलेत, हा तुमचाच निष्काळजीपणा’ असं म्हणू शकते. तसं ठरलं तरी तुम्ही कळवल्यानंतरचे व्यवहार बँकेच्या माथी जातात, तुमच्या नाही. उशीर फक्त तुम्हाला महागात पडेल. अनोळखी व्यवहार दिसलाच तर बँकेबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही लगेच फोन करा.

आता त्या मुलाच्या दोन सबबी. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे, नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं नाव-पत्ता बिलावर लागतो तो 50,000 रुपये आणि त्यापुढच्या खरेदीला, आणि त्या यादीतही मोबाईल नंबर नाही. 18,400 च्या साडीला काहीच लागत नव्हतं. ‘सिस्टीम पुढेच जात नाही’ हे कधीकधी खरं असतं, पण तो रकाना सक्तीचा दुकानदाराने केलेला असतो, सरकारने नाही. ‘मालकांना पाठवावे लागतात’ ही सबब आणखी पोकळ. चिप वाचून, पिन टाकून झालेल्या व्यवहाराचा पुरावा मशीनमध्ये आणि चार्ज स्लिपवर असतो. त्या स्लिपवर कार्डाचे बहुतेक आकडे मुद्दाम झाकलेले असतात. व्यवहार पूर्ण झाल्यावर सीव्हीव्ही कोणीही साठवू नये, हा तर कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा मानकांचा पाया आहे.

मूलभूत हक्काबद्दल : सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयतेचा हक्क मान्य केला हे खरं, पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचा. साडीच्या दुकानाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करत बसू नका. तुमच्या कामाचा कायदा आहे ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019. विश्वासाने दिलेली ग्राहकाची वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही त्याच्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये किरकोळ व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या संघटनांना बजावलं आहे. ती सूचना आहे, कायद्याचं कलम नाही. पण ग्राहक आयोगापुढे ती कामाला येते.

विदा (डेटा) संरक्षणाचा 2023 चा नवा कायदा सगळ्यांच्या तोंडी आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि कामापुरत्याच माहितीची हवी, असं त्याचं कलम 6 सांगतं. मात्र नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि दुकानांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ आणि 2011 चे नियम चालतात. त्यांत कार्डाचा तपशील ‘संवेदनशील’ माहितीत मोडतो आणि एकट्या मालकाचं दुकानही त्यांच्या कक्षेत येतं. मात्र तिथे भरपाई मागायला नुकसान झालेलं असावं लागतं. तुमचं ते अजून झालेलं नाही, आणि होऊ नये म्हणूनच कार्ड आधी बंद करायला सांगतोय.

दुकानाला पत्र या आठवड्यातच जाऊ द्या. तारीख, बिल क्रमांक, अंदाजे वेळ आणि काउंटर लिहा. नंबर फक्त बिलासाठी दिला होता, जाहिरातीसाठी किंवा कोणाला पुरवण्यासाठी नाही, हे वाक्य हवंच. फोटो सगळ्या फोनांतून, व्हॉट्सॲपवरून आणि बॅकअपमधून काढून टाकल्याचं आणि नंबर यादीतून वगळल्याचं लेखी मागा, पंधरा दिवसांची मुदत द्या. त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायलाही सांगा. बहुतेक दुकानांत काही आठवड्यांत जुन्यावर नवं चित्रण चढतं, आणि फोटो काढल्याचा दुसरा पुरावा तुमच्याकडे नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा.

याच पत्राची प्रत कार्ड मशीन देणाऱ्या बँकेला पाठवा. लोक नेमकं हेच विसरतात. चार्ज स्लिपच्या वरच्या भागात सहसा त्या बँकेचं नाव असतं, शिवाय एमआयडी (दुकानाचा) आणि टीआयडी (मशीनचा) हे दोन क्रमांक. ते पत्रात उतरवा. कार्डाचा तपशील साठवू नये हे दुकानदाराने त्या बँकेशी केलेल्या करारातच असतं. वकिलाच्या नोटिशीला केराची टोपली दाखवणारा दुकानदार मशीन परत जाईल म्हटल्यावर जागा होतो. स्लिपची शाई उन्हाने उडते, आजच तिचा फोटो काढा.

फोन आणि मेसेजचं थोडक्यात : 1909 वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन-मेसेज नकोत असं, नोंदवा, आणि नोंदवल्यावरही आले तर सात दिवसांच्या आत तिथेच तक्रार करा. व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातींना हे लागू नाही, ते क्रमांक सरळ ब्लॉक करा. कर्जवाल्यांना नंबर याच दुकानाने दिला, हे मात्र आज सिद्ध करता येणार नाही. पत्रात ‘तुम्हीच विकला’ असं लिहू नका, तारखांसह नोंद तेवढी ठेवा. दुकानाचे स्वतःचे मेसेज हा चांगला पुरावा आहे, त्यांचे स्क्रीनशॉट काढा.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. लहान दुकानं तिथे दाद देतीलच असं नाही, पण नोंद होते. त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मागण्यांत पहिली ही लिहा : नंबरची सक्ती आणि कार्डाचे फोटो काढणं दुकानाने थांबवावं, आणि आधीचे फोटो पुसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं. मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च त्याच्या खाली, आणि आकडा बेताचा. अठरा हजारांच्या साडीवर पाच लाख मागितले की आयोगाचं लक्ष फोटोंवरून तुमच्या आकड्याकडे वळतं.