नेम धरला सरळ, बॉल गेला वाकडा: क्यू कुठल्या डोळ्याखाली?

प्रश्न: सर, मी राजारामपुरीत राहतो, स्नूकर खेळायला लागून दोन-तीन वर्षं झाली. जवळचे बॉल बऱ्यापैकी पॉट होतात, म्हणजे पॉकेटात जातात, पण लाँग पॉटला, म्हणजे लांबच्या बॉलला, त्यातही एकदम सरळ बॉल असला की व्हाइट (क्यूनं मारायचा पांढरा बॉल) नेहमी लालच्या थोडा डाव्या अंगाला लागतो आणि लाल पॉकेटच्या उजव्या जबड्यावर आपटून बाहेर. क्लबमधला एक सीनियर म्हणतो तुझा डावा डोळा स्ट्राँग आहे आणि खेळतोस उजव्या हातानं, त्यामुळं एक डोळा मिटून खेळ नाहीतर सरळ हात बदल. असं खरंच असतं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: डोळ्याचं असतं, पण उपाय चुकीचा सांगितलाय. हात बदलू नकोस, डोळापण मिटू नकोस, आधी नीट समजून घे.

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे दोन्ही डोळ्यांना टेबल जरा वेगवेगळ्या जागेवरून दिसतं. आज क्लबला गेलास की एक कर, खाली वाकून लांबच्या लाल बॉलवर नजर रोव आणि नजर न हलवता हनुवटीखालच्या क्यूचा, म्हणजे खेळायच्या काठीचा, अंदाज घे, तुला एकाच्या जागी दोन धुरकट क्यू जाणवतील. प्रत्येक शॉटला हे होतच असतं, फक्त मेंदू त्यातला एक क्यू दाबून टाकतो आणि दुसऱ्यालाच खरा मानतो. ज्या डोळ्याचा क्यू त्याला खरा वाटतो तो तुझा डॉमिनंट डोळा. याचा चष्म्याच्या नंबरशी थेट संबंध नाही, बरं का, कमी दिसणारा डोळापण डॉमिनंट असू शकतो. साधारण तीनातल्या दोन माणसांचा उजवा असतो, बाकीच्यांचा डावा, आणि थोडे लोक असे की दोन्ही जवळपास सारखेच. उजव्या हाताचा माणूस म्हणजे उजव्या डोळ्याचा असं काही ठरलेलं नाही, त्यामुळं तुझं कॉम्बिनेशन काही जगावेगळं नाही, तुझ्याच क्लबात आणखी दोघं-तिघं निघतील बघ.

टेस्ट सोपी आहे. दोन्ही हात पुढं ताठ कर, दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटीशी फट ठेव आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघ. आता डावा डोळा मीट. घड्याळ जागेवरच राहिलं तर उजवा डॉमिनंट, गायब झालं तर डावा. घड्याळ बरोबर नाकासमोर पाहिजे, कारण नजर खूप आडवी गेली की काही लोकांच्यात डॉमिनंट डोळाच बदलतो आणि मग टेस्ट काहीही सांगते. दोन-चार वेळा करून बघ आणि दरवेळी वेगळंच उत्तर आलं तर तू त्या "दोन्ही सारखे" वाल्यांतला असशील, मग क्यू हनुवटीच्या मधोमध राहिला तरी चालतंय.

आता तुझी चूक कुठं होत असेल. क्यू हनुवटीच्या मध्यावर धरायचा हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं, पण मेंदू रेघ ओढतोय डाव्या डोळ्यातून. मग काय होतं, पुढचा ब्रिजचा, म्हणजे ज्यावर क्यू टेकतो तो हात नकळत डाव्या डोळ्याच्या रेषेत सरकतो, मागचा हात मात्र जिथल्या तिथं, आणि क्यू किंचित डावीकडं तोंड करून बसतो. तुला वरून तो सरळच दिसणार! आणि हे किंचित म्हणजे किती, तर फक्त एक डिग्री चूक धर, दीड मीटर लांबच्या बॉलपर्यंत जाताना व्हाइट २६ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, म्हणजे अर्धा बॉल चुकला, आणि सरळ पॉटचा झाला हाफ-बॉल, लाल गेला तीस डिग्रीत. तुझा लाल निदान जबड्यापर्यंत जातोय म्हणजे तुझी चूक एक डिग्रीच्या खूपच आत आहे, एवढ्यात नाउमेद व्हायचं कारण नाही. जवळच्या बॉलला हीच चूक पॉकेट पोटात घेतं म्हणून ती तुला कधी कळलीच नाही.

पण सगळं खापर डोळ्यावर फोडायच्या आधी एक बघ, कारण आमच्याकडं डोळ्याची गोष्ट एकदा कानावर पडली की प्रत्येक चुकलेला बॉल डोळ्याच्याच खात्यावर जातो. एकच कट, म्हणजे बॉल तिरका पाठवायचा शॉट, दोन्ही बाजूंनी मार. उजवीकडं कट करायचा बॉल पातळ, म्हणजे अगदी कडेला, लागतोय आणि डावीकडं कट करायचा जाड, म्हणजे जास्त भरून, तर तुझी अख्खी रेघच डावीकडं सरकलीय, म्हणजे डोळा किंवा उभं राहणं, या दोन्हींतलंच काहीतरी. दोन्हीकडं जाडच लागत असेल तर डोळ्याचा काय संबंध नाही, तुझा अँगलचा अंदाज कच्चा आहे आणि त्याला प्रॅक्टिस सोडून औषध नाही. दुसरं, ब्राउनच्या स्पॉटवर (टेबलावरच्या त्या बॉलच्या ठरलेल्या जागेवर) व्हाइट ठेव आणि ब्लू, पिंक, ब्लॅक या सगळ्या स्पॉटवरून समोरच्या कुशनला (टेबलाच्या कडेला) मारून परत क्यूच्या टिपवर, म्हणजे टोकावर, आण. व्हाइट जाताना रेषेत आणि येताना फाटतोय तर तू नकळत साइड, म्हणजे आडवी फिरकी, देतोयस, म्हणजे टिप मध्यावर लागत नाही. जातानाच फाटतोय तर नेमाचा प्रॉब्लेम.

डोळाच निघाला तर क्यू नाही, डोकं हलवायचं. शॉटची रेघ उभं असतानाच ठरव, उजवा पाय त्या रेषेवर टाक आणि खाली येताना चेहरा जरा उजवीकडं ने, म्हणजे क्यू हनुवटीच्या डाव्या बाजूला, डाव्या डोळ्याच्या जवळ येईल. किती, ते तुझं तूच शोधायचं, कुणाला बोटभर पुरतं तर कुणाला एकदम डोळ्याखालीच लागतो. मान वाकडी करू नकोस, दोन्ही डोळे आडव्या एका पातळीत राहिले पाहिजेत. मित्राला समोरच्या कुशनवर मोबाइल टेकवून मागच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला सांग, सेल्फीच्या कॅमेऱ्यानं बघायला जाशील तर तो पडद्यावर डावं-उजवं उलटं दाखवतो आणि तू भलतीकडंच डोकं सरकवत बसशील. पहिले काही दिवस आत्ता जातात तेवढेपण बॉल जाणार नाहीत, हे धरून चल.

आणि असं खेळल्यानं खेळ बिघडतो असं कुणी म्हणालं तर जो डेव्हिसचं नाव सांग. उजव्या हाताचा खेळाडू, उजव्या डोळ्यानं कमी दिसायचं, क्यू डाव्या डोळ्याखालून चालायचा, आणि १९२७ ते १९४६ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप पंधरा वेळा जिंकली, एकदाही न हरता. अधिकृत मान्यता मिळालेला पहिला १४७ चा ब्रेकपण, म्हणजे एका पाळीतला सगळ्यात मोठा स्कोअर, त्याचाच, १९५५ चा.

राहिला एक डोळा मिटायचा सल्ला. हे डोक्यात कुठनं येतं ते कळतंय मला, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, नेमबाजी म्हणजे आपल्या घरचाच विषय. पण रायफलमध्ये साइट, म्हणजे नेम धरायची खूण, एकाच डोळ्यासमोर येते, दुसरा डोळा तिथं उपयोगाचा नाही, म्हणून त्याच्यापुढं छोटी पट्टी लावायची सोय असते, तीही बऱ्याचदा डोळा उघडा ठेवूनच, कारण पापणी आवळून धरली की चेहरा ताणतो. स्नूकरमध्ये क्यू डोळ्यांच्या खाली असतो आणि व्हाइट ते लाल, लाल ते पॉकेट हे अंतर मोजायला दोन्ही डोळे लागतात. तेव्हा दोन्ही उघडे.

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, नुकताच स्नूकर शिकायला लागलाय. वरच्यासारखीच टेस्ट केली तर त्याचा डोळा डावा आणि हात उजवा निघाला. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसरा डोळा तयार करावा असं एका नातेवाइकांनी सुचवलं, करू का?
– एक आई, शाहूपुरी

उत्तर: ताई, अजिबात करू नका. पट्टी आळशी डोळ्यासाठी असते, म्हणजे ज्या डोळ्याची नजरच नीट तयार झालेली नाही, आणि ती डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून, वेळ ठरवून द्यायची ट्रीटमेंट आहे. डॉमिनन्स हा आजार नाही. एक डोळा झाकल्यावर मुलाला दुसऱ्यानं फळ्यावरचं धूसर दिसतं असं असेल तर मात्र डॉक्टरांकडं जा, स्नूकरसाठी नाही, तसंही. बाकी त्याला क्यू जिथं बरा वाटतो तिथं धरू द्या, लहान वयात पोरं आपोआप डोकं बरोबर जागेवर आणतात, मोठी माणसंच मधे पडून "हनुवटी मध्यावर" करत बसतात.

प्रश्न: वय ५८, प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं-जवळचं एकाच काचेत). खाली वाकलं की फ्रेमची वरची कड बरोबर लाल बॉलवर येते. डोळा उजवा आहे आणि खेळतोही उजव्यानंच, तरी नेम लागत नाही.
– एक जुने खेळाडू, रंकाळा परिसर

उत्तर: काका, तुमच्यात डोळ्याचा दोष नाही, फ्रेमचा आहे. वाकल्यावर तुम्ही काचेच्या अगदी वरच्या कडेतून बघता, आणि काच चांगली असते ती मधल्या भागात. डेनिस टेलरचा तो उलटा लावल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा आठवतोय का, १९८५ च्या वर्ल्ड फायनलला शेवटच्या ब्लॅकवर स्टीव्ह डेव्हिसला १८-१७ हरवलं तेव्हाचा? तो काही फॅशन नव्हता, काचा उंच बसवल्या होत्या म्हणजे मान खाली असतानाही नजर काचेच्या मध्यातून जावी. तसा खेळापुरता वेगळा चष्मा करून घ्या, एकाच नंबरचा, प्रोग्रेसिव्ह नको, कारण त्याच्या कडांना सरळ रेघसुद्धा वाकडी दिसू शकते. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा कॉन्टॅक्ट लेन्स करायची वेळ आली आणि डॉक्टर म्हणाले एक डोळा लांबचा, एक जवळचा करू, तर आधीच सांगा की मी स्नूकर खेळतो, कारण अशात दोन्ही डोळे एकाच बॉलवर सारखे स्वच्छ राहत नाहीत. आणि चष्मेवाल्याकडं माप द्यायला जाताना क्यू घेऊन जा, काउंटरवर वाकून दाखवा आणि त्याच पोझमध्ये बाहुलीची खूण काचेवर करायला लावा, लोक बघतील तर बघू देत.