वाचकांचे प्रश्न : सुरुवातीची जेट प्रशिक्षण विमाने इतकी का कोसळत?

प्रश्न : 30 मे 2023 रोजी बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेले एक प्रशिक्षण विमान बिघाडामुळे होन्निहाळजवळच्या शेतात उतरले आणि आतील दोघेही बचावले. लष्करात जेट विमाने नवी आली, तेव्हा मात्र प्रशिक्षणातच पुष्कळ वैमानिक दगावले, असे ऐकिवात आहे. त्या काळची इंजिने कच्ची होती, एवढेच त्याचे कारण होते काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : इंजिनांचा दोष होताच, परंतु सगळे खापर त्यांच्यावर फोडणे बरोबर होणार नाही. सांबऱ्याचे विमान पंख्याचे, हलके आणि कमी वेगाने उतरणारे होते, त्यामुळे मोकळ्या शिवारात ते टेकवणे शक्य झाले. जेट विमान उतरतानाही कितीतरी अधिक वेगात असते, आणि त्या वेगाला बांध किंवा ओढा आडवा आला की वाचण्याची आशा फार थोडी उरते. शिवाय पंख्याच्या विमानात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, पुढे सारताच ओढ मिळते, तर त्या पहिल्या जेट इंजिनांना पूर्ण जोर धरायला बरेच सेकंद लागत. घाईने थ्रॉटल पुढे ढकलला, तर ज्वाला विझून इंजिन बंद पडण्याचाही धोका असे. उतरताना विमान खाली आल्याचे उशिरा लक्षात आलेल्या शिकाऊ वैमानिकाला ती चूक सुधारायला वेळच मिळत नसे.

ब्रिटिश हवाई दलाच्या ग्लॉस्टर मीटिऑर या जेट विमानाचा इतिहास या बाबतीत सर्वांत बोलका आहे. सर्व प्रकार धरून या दलाने सुमारे 890 मीटिऑर गमावली आणि त्यांत सुमारे 450 वैमानिक मृत्युमुखी पडले. एकट्या 1953 मध्ये 145 विमाने गेली. टी-7 ही त्याची दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती मार्च 1948 मध्ये प्रथम उडाली. मीटिऑरची दोन इंजिने पंखांवर एकमेकांपासून बरीच दूर बसवलेली होती. त्यांतले एक बंद पडले की चालू इंजिनाच्या जोराने विमानाचे नाक एका बाजूला फिरे, आणि ते सरळ ठेवण्यासाठी रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलवर एका पायाने सर्व ताकदीनिशी दाब द्यावा लागे. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला, की तो दाबही अपुरा पडून विमान उलटत असे. हा प्रसंग ओढवल्यास काय करावे, हे शिकवण्यासाठी प्रशिक्षक उड्डाणात मुद्दाम एक इंजिन बंद करत, आणि तेही अनेकदा जमिनीपासून थोड्याच उंचीवर. परिणाम असा झाला की, इंजिन खरोखर बंद पडून जितके वैमानिक गेले, त्याहून अधिक या सरावात गेले. माझ्या मते त्या काळाची सर्वांत मोठी चूक हीच होती, कारण हे मृत्यू यंत्राने नव्हे, तर शिकवण्याच्या पद्धतीने ओढवून घेतलेले होते.

टी-7 चा आणखी एक दोष सहजासहजी लक्षात येत नसे. वेग कमी करण्यासाठी एअरब्रेक उघडलेले असताना चाके खाली सोडली, तर दोन्ही बाजूंची चाके नेमकी एकाच वेळी बाहेर येत नसत; त्यामुळे विमान तिरके होई, एअरब्रेकमुळे ढवळलेल्या हवेत रडर निकामी ठरे आणि विमान एकाएकी जमिनीकडे सूर मारे. धावपट्टीभोवतीच्या घिरटीत हे घडले, तर सावरण्याइतकी उंचीच हाताशी नसे. 30 मे 1988 रोजी इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे प्रात्यक्षिकात एक टी-7 कोसळले, तेव्हाही बोट याच दोषाकडे दाखवले गेले. चाके सोडण्यापूर्वी एअरब्रेक मिटले आहेत ना, एवढे पाहणे हाच त्यावरचा उपाय होता.

प्रश्न : अशा वेळी वैमानिकांना बाहेर उडी घेता येत नव्हती काय? आणि भारतात कोणती विमाने होती?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : टी-7 मध्ये इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला आपल्यासह विमानाबाहेर फेकणारे आसन, नव्हती. व्हॅम्पायर या दुसऱ्या ब्रिटिश जेट विमानाच्या टी-11 या प्रशिक्षण आवृत्तीतही ती आरंभी नव्हती, नंतर बसवण्यात आली. कमी उंचीवर कॉकपिटचे झाकण उघडून स्वतःच्या बळावर बाहेर पडणे जवळजवळ अशक्यच होते. इजेक्शन सीट असली, तरी प्रत्येक प्रसंगी ती जीव वाचवतेच असे नाही. 27 मार्च 1968 रोजी पहिले अंतराळवीर युरी गागारिन आणि त्यांचे सहवैमानिक व्लादिमीर सिर्योगिन मिग-15 च्या दोन आसनी प्रशिक्षण विमानात मरण पावले. त्या अपघाताच्या कारणाविषयी अद्याप एकमत झालेले नाही.

आपल्या हवाई दलात व्हॅम्पायर 1948 मध्ये आले आणि पुढे त्याची दोन आसनी आवृत्तीही वापरात होती. तिच्यात प्रशिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत, त्यामुळे विद्यार्थ्याचा हात कोणत्या दांड्याकडे जातो आहे, हे प्रशिक्षकाला डोळ्यांनी दिसे. टी-7 मध्ये मागे बसलेल्या प्रशिक्षकाला ही सोय नव्हती. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने तयार केलेल्या आणि 4 सप्टेंबर 1964 रोजी प्रथम उडालेल्या किरण विमानातही शेजारी-शेजारी आसनांचीच रचना ठेवण्यात आली आणि दोन्ही आसने इजेक्शनची होती. आपल्याच कर्नाटक राज्यातील बिदरच्या तळावर अनेक वर्षे याच किरणवर वैमानिक घडवले गेले.