पुन्हा चित्रं काढायला लागायचंय. साहित्य कोणतं घेऊ आणि कॉम्प्युटरवर काय वापरू?

तुम्ही लिहिलंय की शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, त्यानंतर वीसेक वर्षं ब्रश हातात धरला नाही आणि आता रविवारचे दोन तास काढून जलरंगात पुन्हा सुरुवात करायची आहे. चित्रं स्कॅन करून नातेवाइकांना पाठवायची आहेत, त्यांवर मराठी ओळी लिहायच्या आहेत, आणि पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडून पेननं चित्र काढायची पाटी) घ्यावा का, हेही विचारलंय. मी साताऱ्याला नोकरी करते, चित्रकलेचं शिक्षण तुमच्याइतकंच. गेली नऊ वर्षं महिन्यातले निदान दोन रविवार वाई-मेणवलीच्या घाटांवर चित्रं काढत असते. त्या अनुभवातून सांगते.

पैसे कागदावर घाला. रंगात, ब्रशात, पेन्सिलीत थोडी तडजोड चालते. जलरंगाच्या कागदात अजिबात चालत नाही. परीक्षेला आपण कार्ट्रिज पेपर वापरायचो आणि त्यावर पोस्टर कलर छान बसायचे, कारण ते दाट असतात. त्याच कागदावर जलरंगाचा पातळ, भरपूर पाण्याचा हात मारला की कागदाला लाटा येतात, रंग खळग्यांत साचतो आणि वाळल्यावर नको तिथे कडा उमटतात. मी पहिलं दीड वर्ष अशाच कागदावर झगडले आणि जलरंग आपल्याला येणारच नाहीत असं धरून बसले. मग एका मैत्रिणीनं तिच्याकडच्या ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, कॉटन कागदाचा एक तुकडा दिला. त्यावर पावसाळी आभाळ घातलं. रंग कितीतरी वेळ ओला राहिला, एकात एक मिसळत गेला, आणि मी नुसती बघत राहिले. हात माझाच होता, रंगही तेच होते.

फरक पडतो तो सायझिंगमुळे. चांगल्या जलरंगाच्या कागदाला बनवतानाच सरसासारख्या पदार्थाचा हात दिलेला असतो, त्यामुळे पाणी लगेच आत न शिरता वर थांबतं आणि तुम्हाला काम करायला वेळ मिळतो. हा हात नसेल तर कागद टिपकागदासारखा वागतो. बाजारात मिळणारा हातकागद दिसायला फार देखणा असतो, पण घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब लगेच जिरला तर तो कागद पेन्सिलीसाठी, कोळशासाठी ठेवा. जीएसएम ३००च्या खाली गेलात तर कागद ओला करून बोर्डावर ताणून चिकटवावा लागतो. वह्या आणि पॅड महाग पडतात. मी २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव घेते आणि त्याचे आठ तुकडे करते. प्रत्येक तुकडा ११ बाय साडेसात इंचांचा होतो. रविवारच्या दोन तासांना हा आकार अगदी योग्य, शिवाय तो ए-फोर स्कॅनरवर मावतो.

पेन्सिल साधी अप्सराची ड्रॉइंग पेन्सिल. जलरंगाखालच्या रेखाटनाला टू बी पुरते. एच गटातल्या पेन्सिलींत मातीचं प्रमाण जास्त असल्यानं त्या कडक असतात, दाबून ओढलं की कागदावर चर पडते आणि रंग त्या चरीत जाऊन बसतो. खोडरबर मात्र मळता येतो तो, कणकेसारखा मऊ घ्या. घासायचा नाही, नुसता टेकवून उचलायचा. नेहमीच्या रबरानं कागदाचा वरचा थर निघतो आणि तिथे रंग डागासारखा दिसतो.

पेनच्या बाबतीत माझं एक चित्र गेलंय, म्हणून थोडं सविस्तर. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी मोठी घंटा आहे, वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधून आणलेली, ती मी तीन रविवार बसून पेननं काढली होती. पेनवर वॉटरप्रूफ असं छापलेलं होतं. चौथ्या रविवारी रंगाचा पहिला हात मारला आणि सगळ्या रेघा जांभळट होऊन आभाळात उतरल्या. तेव्हापासून साकुराचं पिग्मा मायक्रॉन वापरते. त्याच्या शाईत रंगद्रव्याचे कण असतात, विरघळणारा रंग नसतो, त्यामुळे वाळल्यावर पाण्यानं हलत नाही. ०३ नंबरची रेघ साधारण ०.३५ मिलिमीटर येते. मी सगळं त्यातच काढते, अगदी बारीक नक्षीला ०१. तुम्ही कोणतंही पेन घेतलंत तरी रद्दी तुकड्यावर रेघ ओढा, दहा मिनिटं थांबा आणि ओला ब्रश फिरवा. वेष्टणावर काय छापलंय त्यापेक्षा या परीक्षेवर विश्वास ठेवा.

रंग कॅमलच्या ट्यूब. शाळेपासून हाताला सवय आहे, आणि दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या या उद्योगाबद्दल मला जिव्हाळाही आहे. फक्त विद्यार्थ्यांसाठीचे आणि कलावंतांसाठीचे रंग वेगळे असतात, हे लक्षात ठेवा. दुसऱ्यात रंगद्रव्य जास्त असतं. चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. त्याच पैशात चांगले सहा-सात रंग सुटे घ्या. माझ्या पेटीत जे दोन रंग सगळ्यात आधी संपतात ते अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. हे दोन मिसळले की करडा मिळतो. निळा वाढवला तर पावसाचे ढग, तपकिरी वाढवला तर ऊन पडलेला काळा पाषाण. वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ, घाटाच्या पायऱ्या, सगळा बेसॉल्ट मी याच दोन रंगांत काढते. ट्यूबमधला काळा लावला की दगड मेल्यासारखा दिसतो.

ब्रश सिंथेटिक, गोल, आठ किंवा दहा नंबर, ओला केल्यावर टोक नीट जुळणारा. एवढा एकच चालेल. पाण्याच्या भांड्यात उभा सोडू नका. आणि पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवा. दमट हवेत कागदावर बुरशीचे ठिपके येतात, सायझिंग खराब होतं, आणि ते रंग लावेपर्यंत दिसत नाही.

आता कॉम्प्युटर. मी गिंप हा चित्रं दुरुस्त करायचा प्रोग्रॅम वापरते. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि चित्र साफ करायला जे लागतं ते सगळं त्यात आहे. स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करा, म्हणजे त्याच मापात छापताना कमी पडत नाही. नुसतं पेनचं रेखाटन असेल तर ६००. स्कॅनर नसेल तर चित्र खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी ठेवून फोन बरोबर समांतर धरा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोतला रंग नंतर दुरुस्त करत बसण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

खरी कामाची गोष्ट एकच, ती म्हणजे लेव्हल्स, गिंपमधलं चित्राचा गडद-फिकेपणा जुळवायचं साधन. स्कॅन उघडला की कागद पांढरा न दिसता करडा दिसतो. लेव्हल्समध्ये डोंगरासारखा एक आलेख येतो. त्यात उजवीकडचा उंच सुळका म्हणजे तुमचा कागद. पांढऱ्याचा सरकता बाण डावीकडे त्या सुळक्याकडे न्यायचा. पेनचं चित्र असेल तर सुळक्याच्या पलीकडे न्या, कागद स्वच्छ होईल. जलरंग असेल तर सुळक्याच्या उजव्या पायथ्याशीच थांबा. पुढे गेलात तर आभाळातले सगळ्यात फिके हात, धुकं, पाण्यातलं प्रतिबिंब, हे आधी मरतं. नवखे लोक इथेच चित्र घालवतात. कागद थोडा पिवळसर राहिला तर राहू द्या. तो कागदच आहे. धुळीचे ठिपके हील टूलनं काढा.

पेनच्या रेघांवर कॉम्प्युटरवरच रंग भरायचा असेल तर रेघांचा थर वर ठेवून त्याचा मोड मल्टिप्लाय करा आणि खालच्या थरात रंग भरा. पांढरं नाहीसं होतं, रेघा तशाच राहतात. मूळ फाइल गिंपच्या एक्ससीएफमध्ये जपून ठेवा. जेपेग दर वेळी जतन करताना थोडं बिघडतं, म्हणून ते फक्त पाठवण्यापुरतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढी मेहनत घेतलेला फिका हात तिथेच जाईल.

मराठी ओळींसाठीही गिंप किंवा इंकस्केप हा रेखाचित्रांचा प्रोग्रॅम चांगला. दोन्हींत जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळतात. फोटोशॉपची जुनी आवृत्ती कुणाकडे असेल तर त्यात अक्षरांच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय निवडावा लागतो, तो न निवडल्यास पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरून बघा. फुकट आहे आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. पण मनापासून सांगायचं तर ओळ हातानं लिहा. इंटरमिजिएटला अक्षरलेखन केलंय तुम्ही. वेगळ्या कागदावर पेननं लिहून स्कॅन करा आणि वर सांगितलेल्या मल्टिप्लायनं चित्रावर बसवा.

पेन टॅबलेट निदान पहिलं वर्षभर नको. तुम्हाला जलरंग शिकायचे आहेत. ते पैसे ताव घेण्यात जाऊ द्या. पुढे घेतलाच तर स्क्रीन नसलेला, लहान घ्या आणि क्रिटा हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम उतरवून घ्या, तोही फुकट आहे. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. त्यात यथार्थदर्शनासाठी मदतीच्या रेघा मांडता येतात. लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या रेघा जिथे एकत्र मिळतात ती जागा, ठरवून दिला की तुमची रेघ आपोआप त्या दिशेनं वळते. वाड्याची ओसरी, खांबांची रांग असं काही रंगवण्याआधी मी चार-पाच छोटे आराखडे क्रिटात करून बघते आणि त्यातला एक निवडून, तो समोर ठेवून, कागदावर पेन्सिलीनं पुन्हा पहिल्यापासून काढते.