चिनी सुलेखन शिकायला सुरुवात कोणत्या शैलीने करावी? यान, ओउयांग की लिऊ, या जुन्या सुलेखनकारांपैकी कोणाच्या?

खायशूने, म्हणजे प्रत्येक रेघ सुटी दिसणाऱ्या ठाशीव लिपीने. छाओशू, म्हणजे झरझर लिहिलेली धावती लिपी, कितीही मोहात पाडो, तिच्यात रेघा गाळल्या-जोडल्या जातात. मूळ अक्षर हातात बसलेलं नसेल तर नुसत्या गिरगोट्या होतात.

खायशूतही मी यान चनछिंग सुचवेन. दुओबाओ स्तूपाचा त्यांचा ७५२ सालचा शिलालेख हा नवशिक्यांचा नेहमीचा कित्ता. आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड, अक्षर चौकट भरून बसलेलं. कुंचला कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा, हे त्यात स्वच्छ दिसतं. ओउयांग श्युन यांचा ६३२ सालचा च्यूछंग महालाचा लेख माझ्या मते सर्वांत देखणा, पण छळतो. सगळा खेळ रेघांमधल्या अंतराचा. केसभर चुकलं की अक्षर कलंडलंच! लिऊ गोंगछ्वान यांची अक्षरं सडसडीत, टोकं धारदार. आधी यान गिरवला असेल तर ती सोपी जातात. युआन काळातले चाओ मंगफू मऊ, ओघवते. पुढे शिंगशूकडे, म्हणजे खायशू आणि छाओशू यांच्या मधल्या लिपीकडे, जायचं असेल तर सोयीचे.

खायशू अगदीच जमेना, तर हान काळातली लिशू ही जुनी लिपी घ्या. अक्षरं बसकी, लाटेसारखा लांब फराटा एका अक्षरात सहसा एकदाच. इ.स. १८५ चा छाओ छ्वान शिलालेख त्यासाठी छान आहे.

कित्ता घेताना शिलालेखाच्या ठशाची छापील प्रत घ्या, काळ्यावर पांढरी अक्षरं असलेली. संगणकाचा फाँट गिरवू नका, त्यात कुंचल्याची चाल कळत नाही.